रात्रीची वीज स्वस्त? परभणीकरांच्या बिलाबद्दलचे सहा गैरसमज

परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांना भिडतो. कुलर दिवसरात्र चालतो, पंखा तर बंद होतच नाही आणि जूनमध्ये हातात पडलेलं बिल पाहून घरोघरी तोच संवाद होतो : "एवढं कसं आलं?" त्यात आता नवे मीटर बसू लागले आहेत आणि 'टीओडी' हा शब्द पानटपरीपासून बचत गटाच्या बैठकीपर्यंत पोचला आहे. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे विजेचा वेगळा दर. मात्र या शब्दाबरोबर बऱ्याच ऐकीव गोष्टीही घरात शिरल्या आहेत. त्यातल्या सहा गोष्टी तपासून पाहू.

गैरसमज १ : मोबाइलसारखी विजेची कंपनीही बदलता येते, फक्त दर पाहून निवडायची

वस्तुस्थिती : मुंबईच्या उपनगरांतल्या घरगुती ग्राहकाला अदानी की टाटा, अशी निवड करता येते. परभणी, जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या घरात वीज महावितरणचीच येते. दर महावितरण परस्पर ठरवत नाही. तो महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशाने ठरतो आणि महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी गावागणिक बदलत नाही. तेव्हा आपल्याकडे तुलना करायची ती कंपन्यांची नव्हे, आपल्याच बिलातल्या टप्प्यांची आणि वेळांची.

गैरसमज २ : शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महागड्या दराने लागतं

वस्तुस्थिती : ही भीती सर्वांत जुनी आणि सर्वांत चुकीची. घरगुती वापराचे चार टप्पे आहेत : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यात गेलेल्या युनिटांनाच लागतो. आयकराची रचना जशी असते तशीच.

२०२४-२५ चं दरपत्रक उदाहरणाला घेऊ. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या शंभर युनिटांना प्रत्येकी ५ रुपये ८८ पैसे पडत होते, पुढच्या दोनशेंना ११ रुपये ४६ पैसे, त्यापुढच्या दोनशेंना १५ रुपये ७२ पैसे आणि पाचशेच्या वर १७ रुपये ८१ पैसे. म्हणजे १०० युनिटांचे ५८८ रुपये आणि १०१ युनिटांचे ५९९ रुपये ४६ पैसे. एका युनिटाने बिल दुप्पट होत नाही.

पण १०१ वं युनिट शंभराव्याच्या जवळपास दुप्पट किमतीचं असतं, हेही तितकंच खरं. १४० युनिट जाळणाऱ्या घरात शेवटच्या ४० युनिटांचे ४५८ रुपये होतात, त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की ५३२. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार वेगळे. दर वरखाली होत राहतात, पण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातली ही दरी ध्यानात ठेवा. पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

याला जोडूनच एक शंका नेहमी येते : रीडिंग उशिरा घेतलं तर वरचा टप्पा लागून नुकसान होतं का? बिल जितक्या कालावधीचं, तितक्या प्रमाणात टप्प्याची मर्यादाही वाढवून धरतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक महिन्यांचं एकत्र बिल आलं, तेव्हा याच मुद्द्यावरून राज्यभर गोंधळ उडाला होता. शंका असेल तर बिलावर किती महिन्यांचा वापर धरला आहे ते आधी पाहावं.

गैरसमज ३ : रात्री वीज स्वस्त असते, म्हणून कपडे-इस्त्री रात्री उरकावी

वस्तुस्थिती : ही गोष्ट हवेतून आलेली नाही. २०२० च्या दरआदेशानुसार कारखान्यांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत प्रतियुनिट दीड रुपया सवलत होती आणि संध्याकाळी ६ ते १० मध्ये १ रुपया १० पैसे जादा द्यावे लागत. औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या माणसाच्या डोक्यात 'रात्र स्वस्त' हे पक्कं बसलं ते त्यामुळे. घरगुती ग्राहकाला मात्र ती सवलत कधीच नव्हती.

आता तर गणितच उलटं झालं आहे. कोळशावरचे संच रात्री झटकन बंद करता येत नाहीत, म्हणून पूर्वी मध्यरात्रीची वीज उरायची. सौर प्रकल्प वाढल्यापासून दुपारची वीज मुबलक झाली आणि ताण येतो तो सूर्य मावळल्यावर. शेतीतही हाच बदल दिसतो. पिकाला पाणी द्यायला रात्रीची पाळी, हातात बॅटरी आणि पायाखाली विंचूकाट्याची भीती, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. २०२३ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही पंपांना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. उन्हाच्या वेळेची वीज शेताला सोयीची आणि यंत्रणेलाही परवडणारी.

घरांसाठीही तोच धागा. जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट ८० पैसे सवलत लागू झाली आणि ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत नेण्याचं आदेशात ठरलं. म्हणजे घरासाठी स्वस्त वेळ रात्रीची नाही, भरदुपारची आहे.

गैरसमज ४ : वेळ बदलली की बिल कमी होणारच, मीटर कोणताही असो

वस्तुस्थिती : जुना मीटर फक्त एकूण युनिट मोजतो. ते दुपारी जळलं की रात्री, हे त्याला कळत नाही. टीओडी मीटर नसेल तर वेळ बदलून एक पैसाही वाचत नाही. उलट मीटर असेल तर काही न करताही थोडी सवलत मिळते, कारण फ्रिज आणि पंखा दुपारीही चालूच असतात.

मग मुद्दाम काय हलवता येईल? नळाला पाणी कधी येईल ते आपल्या हातात नाही, पण हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवण्याची वेळ आपल्या हातात आहे. एक हॉर्सपॉवरची मोटर अर्धा तास चालली की साधारण अर्धं युनिट जातं. कपडे धुणं, इस्त्री, घरची पिठाची चक्की ही कामंही दुपारी बसतात. समजा अशी रोजची २ युनिट सकाळी ९ नंतर आणली, तर महिन्याला ६० युनिट, म्हणजे ८० पैशांच्या हिशेबाने ४८ रुपये.

आता हेच दुसऱ्या बाजूने पाहा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. परभणीच्या उन्हाळ्यात पंखा दिवसाचे १५ तास धरला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. ती दुसऱ्या टप्प्यातली असली, तर वरच्याच दरपत्रकाने २२९ रुपये, वीज शुल्कासह २६६. घरातल्या चारचौघांची कामं दुपारकडे सरकवून ४८ रुपये आणि एक पंखा बदलून त्याच्या पाचपट. वेळ बदलणं वाईट नाही, पण आधी युनिट कमी करा आणि मग घड्याळ पाहा.

गैरसमज ५ : टीओडी मीटर म्हणजे प्रीपेड मीटर, तो पळतो आणि संध्याकाळी दंड लावतो

वस्तुस्थिती : तीन वेगळ्या गोष्टींची ही खिचडी आहे. आधी रिचार्ज करायच्या प्रीपेड मीटरला विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे तसे मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं. आता बसणारे टीओडी मीटर पोस्टपेड आहेत : आधी वापर, मग बिल. मीटरसाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत.

संध्याकाळच्या दंडाचं मूळ केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सापडतं. त्यांत मागणीच्या ऐन वेळी जादा आणि उन्हाच्या वेळी कमी दर अशी चौकट आहे. महाराष्ट्रात २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी त्यातली सवलतीची बाजू आली, संध्याकाळचा जादा आकार आला नाही. त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास घाबरत करण्याचं कारण नाही.

मीटर पळतो अशी शंका असेल, तर वाद घालत बसण्यापेक्षा लेखी तक्रार द्यावी. २०२४ च्या सुधारित केंद्रीय नियमांनुसार तक्रारीनंतर ५ दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावायचा असतो आणि तो किमान ३ महिने ठेवायचा असतो. दोन्हींचे आकडे समोरासमोर आले की प्रश्नच मिटतो.

गैरसमज ६ : घरात शिलाई मशीन चालवलं की दुकानाचा दर लागतो

वस्तुस्थिती : राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल आणि आधीच्या वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. शिवणकाम, पापड-शेवया, शिकवणी करणाऱ्या घरांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी. स्वतंत्र गाळ्यात दुकान थाटलं तर मात्र वाणिज्यिक जोडणी घ्यावी लागते.

या महिन्यात काय करावं?

बिल उघडून तीन गोष्टी पाहा : वापर कोणत्या टप्प्यात संपतो, मीटर टीओडी आहे का, आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधली युनिट वेगळी दाखवून सवलत दिली आहे का. दर आयोगाच्या आदेशाने बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या आठवणीतला दर नको, आपल्या ताज्या बिलावरचा धरा. शंभराच्या थोडं वर असाल तर जास्त चालणारा जुना पंखा आधी बदला. तीनशेच्या वर असाल तर एसी २४ अंशांवर ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एसीऐवजी कुलरनेही बऱ्याचदा काम भागतं, आणि त्याला एसीच्या तुलनेत फारच कमी वीज लागते. टीओडी मीटर असेल तर मोटर आणि इस्त्री दुपारी. शंका उरली तर १९१२ हा महावितरणचा क्रमांक आहे.