बाबासाहेब निवडणूक कधी जिंकलेच नाहीत?

दर १३ ऑक्टोबरला येवल्यातल्या मुक्तिभूमीवर गर्दी लोटते. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये याच दिवशी, याच गावात सांगितले. तो दिवस जवळ आला की मोबाइलवर मजकुरांचा पूर येतो. त्यातली काही वाक्ये इतक्यांदा फिरली आहेत की ती आता खरी वाटू लागली आहेत. बाबासाहेब लोकांतून कधीच निवडून आले नाहीत, १९५२ मध्ये त्यांची मते चोरली, त्यांना निवडून दिले म्हणून बंगालचे चार जिल्हे पाकिस्तानला देऊन टाकले, अशी ती वाक्ये आहेत. ती बहुतेक वेळा प्रेमापोटीच पुढे पाठवली जातात. पण चुकीच्या माहितीने ज्याची बाजू घ्यायची त्याचेच नुकसान होते, म्हणून हा खटाटोप.

आधी येवल्याबद्दल. इथली परिषद केवळ धर्मांतरासाठी होती आणि राजकारणाशी तिचा संबंध नव्हता, असे मानले जाते; पण तारखा वेगळे सांगतात. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० पासून चालला होता. पाच वर्षे खपूनही दार उघडले नाही. येवल्याच्या परिषदेने तो थांबवला आणि देवळाच्या पायरीवर यापुढे ताकद घालवायची नाही असे ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवा 'भारत सरकार कायदा' मंजूर झाला होता आणि प्रांतांच्या निवडणुका समोर दिसत होत्या. दहा महिन्यांत, ऑगस्ट १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. देवळापुढून मोकळी झालेली ताकद मतपेटीकडे वळली, असे मला तरी या तारखा शेजारी ठेवल्यावर दिसते.

आता पहिला मोठा गैरसमज. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी मतदान झाले. भायखळा-परळ भागातून बाबासाहेब स्वतः उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू, म्हणजे हिंदूंच्या क्रिकेट संघाचे नावाजलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार दिले होते, त्यांतले १४ निवडून आले. त्यांतले तीन तर राखीव नसलेल्या जागांवरचे. नाशिकमधून काळाराम सत्याग्रहाचे बिनीचे कार्यकर्ते भाऊराव, म्हणजे आपले दादासाहेब गायकवाड, विधानसभेत गेले. एका नव्या, पैशाने फाटक्या पक्षाचे हे यश लहान नव्हते.

या यशामागे मतदानाच्या पद्धतीचाही वाटा होता, आणि सगळी गोष्ट इथेच उलगडते. त्या वेळी एकाच मतदारसंघातून एकाहून जास्त सदस्य निवडले जात. जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराच्या हातात. मुंबई प्रांतात ती सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य गटाने एकजूट करून आपल्या माणसावर सगळी मते ओतली, तर तो निवडून येई.

१९५२ मध्ये बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. तोही दोन सदस्यांचाच मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. पण १९५१ च्या कायद्याने नियम उलटा केला होता. मते दोन, मात्र एका उमेदवाराला एकच. दोन्ही दिली तर एक मोजायचे, दुसरे बाद.

त्या वेळच्या मतदानाच्या खोलीतले दृश्य डोळ्यांपुढे आणा. आजच्यासारखी सगळ्या उमेदवारांची नावे असलेली एक पत्रिका नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचे कणीस-विळा आणि बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतदाराच्या हातात दोन कोऱ्या पत्रिका. शिक्का मारायचा नाही, खूण करायची नाही, फक्त पेटीत टाकायच्या. एकाच आवडत्या चिन्हाच्या पेटीत दोन्ही टाकल्या, तर पंधरा वर्षांपूर्वी जी युक्ती होती, तीच आता चूक ठरत होती.

निकालात राखीव जागेवर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर १ लाख ३८ हजार १३७ मते मिळवून जिंकले. बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६ मते होती. फरक १४,५६१ मतांचा. बाद मतांचा आकडा याहून कितीतरी मोठा होता. बाबासाहेब आणि त्यांच्या जोडीला लढलेले समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली. तिच्यात ७४,३३३ मते बाद झाल्याचे म्हटले होते. दुसरे मत मुद्दाम वाया घालवा, असा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याचा आरोपही तिच्यात होता. निकाल मात्र बदलला नाही.

म्हणजे मते पेटीतून पळवली गेली, हे खरे नाही. ती पेटीत होती, नियमाने बाद झाली. आणि ती सगळी बाबासाहेबांनाच मिळाली असती, हे म्हणणेही तितकेच निराधार. त्यांतली किती इकडे वळली असती, हे कोणाला सांगता येणार? पण फरकाच्या पाचपट मते बाद झालेली निवडणूक 'जनतेने नाकारले' अशा दोन शब्दांत उरकणे अन्यायाचे आहे. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक बाबासाहेब हरले, तोही दोन सदस्यांचाच मतदारसंघ होता.

दोन मतांच्या पद्धतीने गोंधळ उडालेला भारत हा पहिला देश नव्हे. अमेरिकेत १८०० साली प्रत्येक निर्वाचकाला दोन मते असत आणि अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण हे वेगळे लिहायची सोय नव्हती. एकाच पक्षाच्या जेफरसन आणि बर या दोघांना प्रत्येकी ७३ मते पडली. प्रतिनिधीगृहात ३६ फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे जेफरसन अध्यक्ष झाले. अमेरिकेने १८०४ मध्ये घटनादुरुस्ती करून ही फट बुजवली. आपण दोन सदस्यांचे मतदारसंघ कायद्याने बंद केले १९६१ मध्ये. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती.

राहिला बंगालचा मजकूर. १९४६ मध्ये संविधान सभेवर बाबासाहेब बंगालमधून गेले, त्यासाठी तिथले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल झटले, हे खरे. पण ती निवड जिल्ह्यांतल्या जनतेने केली नव्हती, बंगालच्या विधानसभेतल्या सदस्यांनी केली होती. त्यामुळे शिक्षा म्हणून जैसोर, खुलना, बारिसाल, फरीदपूर पाकिस्तानला दिले, या म्हणण्याला पायाच नाही. यांतल्या खुलन्यात हिंदू किंचित जास्त होते, तरी तो पलीकडे गेला. मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद इकडे आला. जैसोरमधला बनगावचा भागही भारतातच राहिला. शिवाय फाळणीची सीमा ठरवणारा रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाला, आणि बाबासाहेब त्याआधीच, जुलैमध्ये, मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले होते. बॅ. मु. रा. जयकरांनी सोडलेली ती जागा होती आणि या वेळी काँग्रेसनेच त्यांना निवडून दिले. विरोध होता तिथे विरोध सांगावा, साथ मिळाली तिथे साथही सांगावी.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. काही महिन्यांतच लोकसभेची दुसरी निवडणूक झाली. नाशिकमध्ये जागा एक होती, राखीव नव्हती, आणि मतदाराच्या हातात मतही एकच होते. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या लाटेत तिथून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड निवडून आले.

यंदा मुक्तिभूमीवर याल तेव्हा मुलांना घोषणेसोबत १९३७ सालची बाबासाहेबांची १३,२४५ मतेही सांगा.