बेबी कॅरियर घेताना

• बैठक : कापड बाळाच्या एका गुडघ्यामागून दुसऱ्यापर्यंत पोहोचावं. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर राहिले की खुब्यांवर ताण येत नाही.

• श्वास : हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं मावावीत. नाक-तोंड उघडं, चेहरा सतत दिसणारा.

• वजन : खांद्याचे पट्टे रुंद हवेत. कमरेचा पट्टा हाडावर टेकला, तर खांदे भरून येत नाहीत.

• कापड : मुंबई-कोकणच्या दमट हवेत सुती किंवा जाळीदार.

• खरेदी : बाळाला आत बसवून दुकानातच चार फेऱ्या मारा. पाठीमागचं बकल एकट्याने लावता येतं का, तेही पाहा.

• टाळा : गॅसजवळचं काम, दुचाकी. बाळ चार महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.