साडेसहा टक्क्यांची चाळ

१९२० साली मुंबई सरकारने बाजारात एक कर्जरोखा आणला. व्याज साडेसहा टक्के, परतफेड १९३५ ला. महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती, कापसात आणि कापडात लोकांनी अमाप पैसा केला होता आणि तो कुठे तरी गुंतवायचा होता. या रोख्यावर नऊ कोटींहून अधिक रक्कम जमली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा त्या पैशातून मुंबई नव्याने घडवण्याचा बेत होता. बॅकबेचा समुद्र हटवायचा, उपनगरांत जमिनी तयार करायच्या आणि गिरणगावातल्या कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या उभ्या करायच्या. यासाठी निघालेले स्वतंत्र खाते म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पुढे खाते गेले, त्याची तीन अक्षरे चाळींना चिकटून राहिली.

वसाहतकाळात गरीब कामगारांच्या घरांसाठी सरकारने कर्ज काढले की नाही, असे कुणी विचारले तर बीडीडी चाळींकडे बोट दाखवता येते. कर्ज काढले, हे खरे. पण ते कुणाच्या नावावर, कोणत्या दराने आणि कुणाच्या सोयीने, हे पाहू लागलो की हिशेब वेगळा दिसतो.

कर्ज देणे इंग्रज सरकारला नवे नव्हते. तगाई गावोगाव ठाऊक होती. १८८३ च्या कायद्याने शेतकऱ्याला विहीर खणायला, बांध घालायला सरकारी पैसे मिळू लागले आणि १८८४ च्या कायद्याने बी-बैलांसाठी. तारण म्हणून जमीन होती, वसुलीला तलाठी होता. गिरणीत साचे चालवणाऱ्या माणसाकडे तारण ठेवण्याजोगे काहीच नव्हते. रत्नागिरीकडचा किंवा घाटावरचा हा माणूस गावी थोडीफार जमीन कसत असेलही, पण ती अनेकदा खोताची किंवा भावकीत अडकलेली. मुंबईत त्याच्यापाशी दोन हात, गाववाल्यांची ओळख आणि कामावर घेणाऱ्या जॉबरची म्हणजे मुकादमाची मर्जी. एवढ्यावर सरकार कर्ज देत नाही. एवढ्यावर पठाण सावकार देतो.

पठाण काय दराने देत असे, याची नोंद सरकारच्याच कागदात आहे. १९२१-२२ मध्ये सरकारच्या कामगार कार्यालयाने मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा तो अहवाल आजही वाचनीय आहे. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न बावन्न रुपयांच्या आसपास. त्यातले निम्म्याहून अधिक पोटात जाई. घरभाड्यावर खर्चाच्या ७.७ टक्के, म्हणजे साडेतीन ते चार रुपये. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती आणि व्याजाचा रूढ दर होता रुपयाला महिन्याला एक आणा. वर्षाचे गणित मांडले तर ७५ टक्के. चाळ बांधायला सरकार साडेसहा टक्क्यांनी पैसे उचलत होते आणि त्या चाळीत ज्याला राहायचे तो पंचाहत्तर टक्क्यांनी. याच पाहणीत ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले.

या खोल्यांचा प्रश्न सरकारच्या ध्यानात आला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी रोग ओळखला आणि मग शहराचे आतडे बाहेर काढावे तसे जुने वाडे-चाळी पाडण्याचे सत्र सुरू झाले. १८९८ मध्ये कायदा होऊन बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचा कारभारही रोख्यांवरच चाले आणि त्या रोख्यांच्या पाठीशी सरकारची हमी असे. ट्रस्टने रुंद रस्ते आखले, वारा खेळवला, आग्रीपाड्यासारख्या ठिकाणी चाळी बांधल्या. पण पहिल्या वीस वर्षांत त्याने बांधल्या त्यापेक्षा पाडल्या अधिक. पाडलेल्या खोलीतला भाडेकरू नव्या खोलीत गेला असे क्वचितच झाले. तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत घुसला आणि तिथले भाडे वाढले. ट्रस्टच्या परळच्या चाळीत एक भाडेकरू मात्र फार मोठा निघाला. पोयबावडीच्या दोन खोल्यांत बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची वीसेक वर्षे काढली.

याच काळात सरकारी पैशाचा दुसरा ओघ सुरू झाला आणि तो चाळींकडे वळला नाही. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याची व्याप्ती १९१२ मध्ये वाढली आणि घरबांधणीसाठी सहकारी संस्था काढता येऊ लागली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे या चळवळीचे प्रणेते. उत्तर कानडा जिल्ह्यातून आलेल्या सारस्वत कारकुनांना मुंबईत परवडेल असे बिऱ्हाड मिळत नसे. तालमकींनी १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी उभी केली. भाडेकरूच मालक, मालकच भाडेकरू, ही कल्पना त्यांनी चाळीच्या शहरात रुजवली आणि त्याबद्दल त्यांचे श्रेय मोठे आहे. महायुद्धानंतर मुंबई सरकार अशा संस्थांना कर्जे देऊ लागले. रीत साधी होती. सभासदांनी आधी आपल्या भागभांडवलाचा वाटा उभा करायचा, प्लॉट आणि इमारत गहाण टाकायची, बाकीचे सरकारने द्यायचे आणि ते हप्त्याहप्त्याने फेडायचे. दादर-माटुंग्याच्या पट्ट्यात अशा कितीतरी इमारती उभ्या राहिल्या.

आता हा पहिला वाटा कोण उभा करणार? ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो, ज्याच्या जातभाईंची पतपेढी आहे, ज्याला अर्ज लिहिता येतो तो. गिरणीत बदलीवर काम करणाऱ्याला उद्या काम आहे की नाही हे सकाळी गिरणीच्या दारात कळायचे. त्याला वीस वर्षांचे हप्ते कसे बांधून देणार? यात तालमकींचा दोष नाही, त्यांनी आपल्या माणसांसाठी जे जमले ते केले. दोष योजनेच्या रचनेत होता. कर्जाची पात्रता बचतीवर ठरवली की ज्याला कर्जाची गरज सर्वात कमी त्याला ते सर्वात आधी मिळते. आजच्या गृहकर्जाच्या जाहिराती पाहिल्या तर या बाबतीत आपण फार पुढे आलो आहोत असे मला वाटत नाही.

कामगाराच्या वाट्याला आली ती डेव्हलपमेंट खात्याची चाळ. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर मधून जाणारा बोळ, दोन्ही अंगांना मिळून वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आत मोरी, संडास सामाईक. सगळे काँक्रीटचे. सुरुवातीच्या चाळींत खिडकीच्या जागीही काँक्रीटच्या झडपा होत्या. त्यातून उजेड बेताचा आणि पावसाची झड मात्र मोकळेपणी येई. बर्नेट-हर्स्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मुंबईतल्या कामगारांवर आणि त्यांच्या घरांवर पुस्तक लिहिले. सरकारी चाळींविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते.

पन्नास हजार खोल्यांपैकी बांधून झाल्या सोळा हजारांहून थोड्या अधिक, एकूण २०७ चाळी. तेवढ्याही भरेनात. कारण भाडे. महागाईच्या काळात महागड्या व्याजाने घेतलेल्या पैशांतून बांधलेल्या खोलीचे खरे भाडे कामगाराला झेपणे शक्य नव्हते, हे सरकारलाही ठाऊक होते. तूट भरून काढायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला होता. कापसातून कामगाराचे घर, हिशेब दिसायला सुरेख. तरीही ठरलेले भाडे चार रुपयांच्या सवयीपुढे जास्तच होते. त्यात वरळी तेव्हा शहराबाहेर. रस्ते नीट नाहीत, दिवे नाहीत, बाजार लांब, रात्रपाळी सुटल्यावर चालत यायचे ते अंधारातून. शिवाय गिरणगावातली खोली ही एका कुटुंबाची कधीच नव्हती. तिच्यात गावचे चार पुरुष भाडे वाटून राहायचे, बाई त्यांना जेवण घालून चार पैसे मिळवायची. वरळीला गेल्यावर ते गाववाले कुठून आणायचे, उधारीवर धान्य देणारा वाणी कुठून आणायचा? भाडी उतरवली तरी वरळीच्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारला त्यांचा उपयोग सापडला. तिथे सत्याग्रह्यांसाठी तात्पुरता तुरुंग केला गेला. कामगारांसाठी बांधलेली घरे शेवटी भरली ती अशी, आणि भाडेही सरकारनेच भरले.

बॅकबेच्या भरावाची तर पुरती शोभा झाली. खु. फ. नरिमन यांनी तो गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला, १९२६ मध्ये चौकशी समिती बसली, अब्रुनुकसानीचा खटला गाजला. वर्तमानपत्रांनी बॅकबेवर रकाने भरले. वरळीच्या रिकाम्या चाळींवर त्या मानाने फार कमी.

याच साम्राज्यात, याच पिढीत, दुसरीकडे काय चालले होते ते पाहिले की मुंबईची गोष्ट नीट कळते. आयर्लंडमधला शेतमजूर मातीच्या एकखोली झोपडीत राही. १८८३ पासून त्याच्यासाठी कायदे होत गेले. स्थानिक मंडळाने सरकारकडून कर्ज घ्यायचे, मजुराला स्वतंत्र घर बांधून द्यायचे आणि त्यासोबत अर्धा एकर जमीन. १८९२ मध्ये ती एक एकर झाली. १९०६ च्या कायद्यात तर कर्जाचा दर सव्वातीन टक्के, परतफेडीची मुदत साडेअडुसष्ट वर्षे आणि हप्त्याचा ३६ टक्के भार सरकारी निधीवर. पहिल्या महायुद्धापर्यंत अशी चाळीस हजारांहून अधिक घरे उभी राहिली. अंगणात बटाटे, मागे डुक्कर, भाडे आठवड्याला थोड्या पेन्स.

सव्वातीन आणि साडेसहा. एक एकर आणि एकशेसाठ चौरस फूट. हा फरक लंडनच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. १८८४ च्या सुधारणेने आयर्लंडमधल्या मजुराच्या हाती मत आले होते. १८९८ नंतर कौंटी आणि जिल्हा मंडळे निवडून येऊ लागली. मजुरांची स्वतःची संघटना होती आणि पार्लमेंटमध्ये आयरिश पक्षाच्या मतांवर मंत्रिमंडळे टिकत होती. घरे देणे स्वस्त पडत होते.

मुंबईत १९१९ च्या सुधारणांनंतर कायदेमंडळासाठी मत द्यायचे तर शहरात वर्षाला १२० रुपये भाड्याची जागा लागे, म्हणजे महिन्याला दहा रुपये. १९२२ मध्ये महापालिकेचा मताधिकारही महिना दहा रुपये भाड्यापर्यंत उतरला आणि त्याचे सुधारणा म्हणून कौतुक झाले. चार रुपये भाडे भरणारा गिरणीतला सांधेवाला या रेषेच्या खूप खाली होता. ज्याला घराची सर्वाधिक गरज त्याला त्याच्या घराच्या लहानपणामुळेच मत नव्हते. दादरच्या सोसायटीतला कारकून या रेषेच्या वर होता, तालमकींसारखी माणसे सचिवालयात जाऊन बोलू शकत होती, म्हणून कर्जाचा हप्ता आणि मालकीचा हक्क दोन्ही त्यांच्या दारापर्यंत आले. गिरणी कामगारासाठी बोलणारे नव्हते असे नाही. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे नारायण मल्हार जोशी होते. १९२९ मध्ये व्हिटलींच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरवर ते सदस्यही होते. १९३१ च्या अहवालात मुंबईतल्या एकखोली जिण्याचे वर्णन आहे आणि सरकारी चाळी सोयीच्या नसल्याचेही म्हटले आहे. पण आयोग फक्त शिफारस करतो, तो मतदार नसतो. १९३८ मध्ये महापालिकेच्या मताधिकाराची अट पाच रुपये भाड्यावर आली, तोवर डेव्हलपमेंट कर्जाची मुदत केव्हाच संपली होती.

जोशींचे नाव पुढे डिलाईल रोडला दिले गेले. त्या रस्त्यावरच्या ३२ बीडीडी चाळी स्वातंत्र्यानंतरही सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ताब्यात राहिल्या, राहणारे सरकारचे भाडेकरू. आयर्लंडमध्ये १९३६ च्या कायद्याने मजुराला आपले घर विकत घेण्याची वाट उघडली. वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घराची किल्ली मिळाली ती ऑगस्ट २०२५ मध्ये.