दोन्ही हात मोकळे

भिवंडीजवळच्या या गोदामाचं छत इतकं उंच आहे, की बंद दिवे शोधायला मान पार मागे टाकावी लागते. एरवी अशा कामाला परांची बांधतात, नाहीतर लांब शिडी लावून खाली दोघं धरून उभे राहतात. आज सिझर लिफ्ट आली आहे.

ऑपरेटर आधी जमीन बघतो. एक चाक गटाराच्या लोखंडी झाकणावर आहे. तो मशीन हातभर पुढे घेतो आणि मगच इलेक्ट्रिशियनला वर चढू देतो. दोघं कमरेचे पट्टे आत अडकवतात. कठड्यावरच्या पाटीवर 230 किलो लिहिलंय. "माणसं, हत्यारं, दिव्यांची खोकी, सगळं धरून बरं का, दादा," ऑपरेटर मला वरून सांगतो.

बटण दाबून तो दांडा ओढतो. पंप घरघरतो, पण क्षणभर काहीच हलत नाही. खरा जोर इथेच लागतो. एकावर एक दुमडलेल्या लोखंडी भुजा जवळजवळ आडव्या असतात, त्यामुळे सिलिंडरच्या रेट्यातला थोडाच भाग वर उचलायला कामी येतो. तेलाचा दाब वाढतो, भुजांच्या फुल्या उघडू लागतात, आणि कोन जसजसा उभा होतो तसतसं काम सोपं होत जातं. मंच मात्र तसूभरही कलत नाही. फुलीच्या दोन्ही भुजा सारख्याच कोनात उघडतात. एका बाजूची टोकं खिळलेली, दुसऱ्या बाजूची खाचेत सरकणारी. इतक्यात चाकांमधल्या दोन पट्ट्या खटकन खाली येतात, जमिनीपासून बोटभर वर थांबतात. चाक खड्ड्यात गेलंच, तर मशीन त्यांच्यावर टेकेल, उलटणार नाही.

वर इलेक्ट्रिशियन दोन्ही हातांनी दिवा सोडवतोय. शिडीवर एक हात शिडीलाच द्यावा लागतो. किती माणसं त्या एका हातापायी पडली असतील! भाड्याचा हिशेब करताना मालकांनी हे आधी धरावं, असं मला मनापासून वाटतं.

या मशीनची मर्यादाही समोरच दिसते. ती सरळ वर जाते, बस्स. रॅकच्या पलीकडचा दिवा तिच्या आवाक्यात नाही; तिथे बूम लिफ्टच हवी. पण सरळ वर जाणंच पुरेसं असतं, तिथे ती चालते: हीच फुलीची रचना विमानतळावर जेवणाच्या गाडीचा डबा विमानाच्या दारापर्यंत उचलते.

दिवा लागतो. उतरताना पंप बंद असतो: झडप उघडते आणि मंचाच्या वजनानेच तेल टाकीत परततं. अर्ध्यावर मशीन आपोआप थांबून पीं-पीं करतं. भुजा मिटताना बोटं चिरडू नयेत म्हणून हा थांबा. पडलेला स्क्रू उचलायला एक पोरगा जवळ आलाय. "ए, मागे हो!" ऑपरेटर ओरडतो, पोरगा लांब गेल्याशिवाय दांड्याला हात लावत नाही. मग मंच पूर्ण खाली येतो, पट्ट्या वर जातात, आणि मशीन पुढच्या खांबाकडे निघतं.