अल्युमिनिअमची आवक-जावक

१९७६ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉ. आल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांची वाणी प्रथम अडखळू लागे. पुढे हातापायांना झटके येत, स्मृती व भान हरपे आणि काही महिन्यांत मृत्यू ओढवे. अशा रुग्णांच्या मेंदूची तपासणी केली असता त्यात अल्युमिनिअमचे प्रमाण निरोगी मेंदूच्या दहापटीहून अधिक आढळले.

हे अल्युमिनिअम आले कोठून? डायलिसिसच्या एका वेळेला शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. नळाच्या पाण्यातील अल्युमिनिअम आतड्यांना बगल देऊन थेट रक्तात शिरत होते. शिवाय रक्तातील फॉस्फेट कमी करण्यासाठी या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधांतही अल्युमिनिअम असे. पुढे डायलिसिसचे पाणी शुद्ध करण्याची पद्धत रूढ झाली आणि हा विकार जवळजवळ नाहीसा झाला. तरीही १९९६ साली कुरासाव बेटावर सिमेंटचे अस्तर असलेल्या नव्या जलवाहिनीतून अल्युमिनिअम पाण्यात उतरले आणि डायलिसिसच्या १० रुग्णांना प्राण गमवावे लागले.

व्यापारी कुटुंबात आवक-जावक हे शब्द नवे नाहीत. माल रोज येतो, रोज जातो, म्हणून गोदाम तुंबत नाही. शरीराचेही तसेच आहे. भूपृष्ठाच्या कवचात सुमारे ८ टक्के अल्युमिनिअम असल्याने माती, पाणी, धान्य व भाजीपाला यांतून ते प्रत्येकाच्या पोटात जातेच. परंतु पोटात गेलेल्यापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात शोषला जातो, आणि त्यातील बहुतांश भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. धोका खऱ्या अर्थाने उभा राहतो तो जावक थांबल्यावर.

मग स्मृतिभ्रंशाचे काय? १९६५ साली सशांच्या मेंदूत अल्युमिनिअमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत विकृती दिसली आणि अल्झायमरचा संबंध या धातूशी जोडला जाऊ लागला. त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले. परंतु स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. म्हणून एखादा लेख वाचून घरातील सारे कुकर मोडीत काढणे हे शहाणपणाचे नव्हे. तसेच, काहीच सिद्ध झालेले नाही म्हणून बेफिकीर राहणेही योग्य नव्हे.

खाद्यपदार्थांतील रसायनांवर विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ साली शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे आठवड्याला २ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस ही मर्यादा १२० मिलिग्रॅम होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम हे स्वीकारार्ह प्रमाण असून, दुसरा स्रोत नसल्यास ०.२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी फिरविली जाणारी तुरटी हीदेखील अल्युमिनिअमचाच क्षार आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

स्वयंपाकघरात खबरदारीचा पहिला मुद्दा आंबटपणाचा. अल्युमिनिअमवर आपोआप तयार होणारा पातळ थर धातूचे रक्षण करतो. चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू, ताक यांच्या आम्लाने तो थर विरघळतो व धातू अन्नात उतरतो. त्यामुळे चिंचगुळाची आमटी, सार वा कढी अशा भांड्यात करू नये. केलीच तर रात्रभर तीत ठेवू नये. लोणचे व मीठ यांसाठी काचेची वा चिनीमातीची बरणीच बरी. भांडे तारेच्या घासणीने लख्ख घासण्याचा हव्यासही सोडावा, कारण त्याने तो रक्षक थर निघून जातो. मिठाईवरील चांदीच्या वर्खात कधी अल्युमिनिअमची भेसळ असते. वर्खाचा तुकडा जाळल्यास खऱ्या चांदीची चकाकती गोळी उरते, अल्युमिनिअमची मात्र काळपट राख होते.

दुसरा मुद्दा औषधांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. आम्लपित्तावरील कित्येक गोळ्या व पातळ औषधांत अल्युमिनिअम हायड्रॉक्साइड असते, एका मात्रेत शेकडो मिलिग्रॅमही. भांड्यातून उतरणाऱ्या अंशापेक्षा ही आवक कितीतरी मोठी. त्यावर लिंबूसरबत घेतल्यास त्यातील सायट्रेटमुळे शोषण आणखी वाढते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे हा भार काही दिवस सहज पेलतात. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र हीच सवय घातक ठरू शकते.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब मूत्रपिंडांना हळूहळू क्षीण करतात, आणि बराच काळ त्याची जाणीवही होत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसून जेवणाच्या वेळा चुकविणारे आणि छातीत जळजळ झाली की खिशातील गोळी चघळणारे वडीलधारे अनेक घरांत असतात. अशांच्या रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी, नेहमीची प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी, आणि वेष्टनावर अल्युमिनिअमचे नाव असल्यास ते आवर्जून निदर्शनास आणावे. घरातील पातेले बदलण्याआधी वडीलधाऱ्यांच्या खिशातील ही गोळी पाहिली जावी.