लहान आगगाडीचे रूळ कसे पुसावेत?

आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही शहापूर तालुक्यातील स्थानके ज्यांच्या नित्य परिचयाची आहेत, त्यांना आगगाडीचे नावीन्य ते काय? परंतु शेजारच्या मुरबाड तालुक्यात अद्यापि गाडी पोहोचलेली नाही. तेथील एका शाळेत मी शिक्षक असताना एका हितचिंतकाने मुलांकरिता विजेवर धावणारी लहानशी आगगाडी दिली. मुलांच्या आनंदास पारावार उरला नाही. पण पावसाळा सरता सरता ती अडखळू लागली. मी पॉलिश पेपर घेऊन रूळ लखलखीत घासले. गाडी चार दिवस बरी चालली आणि मग पूर्वीपेक्षाही लवकर थांबू लागली. मुलांचे उतरलेले चेहरे मला अजून आठवतात. माझे चुकले कोठे, तेच आज सांगावयाचे आहे.

कसाऱ्याकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीस वीज डोक्यावरील तारेतून मिळते. त्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. लहान गाडीचे दोन रूळ हेच तिच्या दोन तारा होत. साधारणतः १२ व्होल्टची वीज एका रुळातून चाकात, चाकातून मोटरीत आणि दुसऱ्या चाकावाटे दुसऱ्या रुळात जाते. चाक आणि रूळ यांचा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढा! त्या जागी धूळ अगर तेलाचा पातळसा थर आला की वीज अडते, बारीक ठिणगी उडते आणि ठिणगीमुळे काळी पुटे धरतात. कसारा घाटात ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे; तेथे चाके घसरू नयेत म्हणून इंजिनातून रुळांवर वाळू सोडण्याची सोय असते. शंभर टनांहून जड इंजिनास जी वाळू साहाय्य करते, तिचा एक कणही आपल्या गाडीस वैरी ठरतो.

आता रुळांची धातू पाहू. पितळी रुळांवर गंजाचा थर लवकर चढतो व तो वीज नीट जाऊ देत नाही. म्हणून पुष्कळ रूळ जर्मन सिल्व्हरचे करतात. नावात चांदी असली तरी त्यात असते तांबे, निकेल व जस्त. हे रूळ मूळचे गुळगुळीत असतात. पॉलिश पेपरने त्यांवर डोळ्यांस न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत मळ घट्ट बसतो. माझी चूक ती हीच. भांडी घासण्याची लोखंडी जाळी तर मुळीच वापरू नये. तिचे तुकडे मोटरीतील लोहचुंबकास जाऊन चिकटतात.

योग्य रीत अशी. प्रथम वीज बंद करावी. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. मग जुन्या धोतराचा, धागे न सुटणारा तुकडा लाकडी ठोकळ्यास गुंडाळून त्यावर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब टाकावेत. हे द्रव्य चटकन पेट घेते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दिवा अगर चूल जवळ नसावी. रुळाच्या लांबीने पुसत जावे आणि फडक्याची काळी झालेली बाजू पालटावी. जेथे गाडी रूळ बदलते, त्या सांध्यांच्या आतील कडा विसरू नयेत. चाके काडीस गुंडाळलेल्या कापसाने पुसावीत. नाही तर पुसलेले रूळ चाकेच पुन्हा मळवितात. आसास तेल द्यावयाचे ते सुईच्या टोकाने. अधिक दिल्यास ते चाकांवरून रुळांवर पसरते. सर्व पूर्ण वाळल्यावरच वीज सुरू करावी.

हा छंद केवढा वाढू शकतो हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे. ते १९९८ साली खुले झाले. अशा गाड्यांचा एक सर्वमान्य प्रकार मूळच्या ८७ व्या हिश्शाचा असून त्यात दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. एवढ्याशा वाटेवर धुळीचा कण म्हणजे धोंडाच.

आमच्या रुळांवरील ओरखडे काही गेले नाहीत. मात्र मुलांनी पाळी लावून दर शनिवारी ते पुसले आणि गाडी पुन्हा धावू लागली. लखलखीत दिसणे निराळे आणि स्वच्छ असणे निराळे, हा धडा त्या वर्षी गुरुजीच शिकले.