चामुंडीची टेकडी आणि बोअरचे पाणी

म्हैसूरला गेलेला मराठी प्रवासी चामुंडीचे दर्शन घेतो, नंदीसमोर फोटो काढतो आणि वृंदावन बाग गाठतो. सपाट माळावर ही टेकडी एकटीच का उभी, हे सहसा कोणी विचारत नाही. भूगोलात तिला अवशिष्ट टेकडी म्हणतात. भोवतालचा खडक कोट्यवधी वर्षांत झिजला, टणक ग्रॅनाइट तेवढा उरला. पायथ्याचा उतार, पुढचा माळ, सखल दरी यांनाही अशीच वेगवेगळी नावे आहेत.

नावे ठेवण्याचा हा उद्योग कोरडा वाटेल. पण पाणी शोधणारा भूजलतज्ज्ञ आधी तोच नकाशा उघडतो. उघड्या ग्रॅनाइटवरून पाऊस वाहून जातो. पायथ्याशी मातीचा थर पातळ, तिथे बोअरचा भरवसा नाही. हजारो रुपये घालवून बोअर कोरडी निघाली, की दोष मात्र नशिबाला! सखल भागात गाळ आणि मुरूम जाड असतो. पाणी तिथे मुरते, साठते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जयलक्ष्मीपुरमजवळ, अशाच सखल जागी १८६४ साली कुक्करहळ्ळी तलाव बांधला गेला.

रस्ते बांधणाऱ्यालाही हा नकाशा लागतो. टेकडी टणक असली तरी उतारावरची माती सैलच असते. ऑक्टोबर २०२१ च्या जोरदार पावसात नंदीकडे जाणारा रस्ता एका बाजूने खचला.